बाखाराख: एक दिवस की मुक्काम? सोबत सासूबाई आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सप्टेंबरअखेरीस लेकीकडे फ्रँकफुर्टला चाललोय, मी, नवरा आणि सासूबाई. मोठी शहरं लेक दाखवेलच, पण मला ऱ्हाइनकाठचं एखादं जुनं छोटं गाव निवांत बघायचंय आणि फोटो बघून बघून मन बाखाराखवर बसलंय. ते १३६८ सालचं लाकडी चौकटीचं आल्टेस हाउस, मागे द्राक्षमळे, वर श्टालेक किल्ला आणि त्या किल्ल्यात चक्क युथ हॉस्टेल! आपल्याकडे गडावर मुक्काम म्हणजे देवळात नाहीतर गुहेत पथारी, इथे गादी-पांघरूण मिळतंय म्हटल्यावर नवऱ्याने तिथेच राहायचं ठरवूनही टाकलंय.

पण सासूबाईंचे गुडघे! सपाटीवर तासभर आरामात चालतात, पायऱ्या दिसल्या की तिथेच बसतात. शिवाय शुद्ध शाकाहारी (केकमधलं अंडं चालतं, फक्त त्यांना सांगायचं नाही). तर किल्ल्याचा चढ कितपत आहे, बोट कुठून कुठे घ्यावी, त्यांना खायला काय मिळेल आणि मुळात एक दिवस पुरतो का? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
किल्ल्याचा हट्ट सोडा. गावातून वर जायचं तर सेंट पीटर चर्चच्या बाजूने पायऱ्याच पायऱ्या, वाटेत वेर्नर चॅपेलचे लाल दगडाचे अवशेष लागतात, तिथवर नवऱ्याला पाठवा. तसाही किल्ला १६८९ मध्ये फ्रेंचांनी उडवलेला, आत्ताचा बराचसा विसाव्या शतकात परत बांधलाय. गाव मात्र सपाट आहे, दगडी फरसबंदी आहे तेवढी जपून. मुक्काम केलात तर खोली रुळांपासून लांबची मागा, रेल्वे अगदी तटबंदीला खेटून जाते आणि नदीपलीकडेही दुसरी लाइन आहे, मालगाड्या रात्रभर धडधडतात. मला विचाराल तर सकाळी लवकर निघा, एक दिवस पुरतो.

बोटीचं असं करा, ट्रेनने बाखाराखला या (मेन्झ किंवा बिंगेनला गाडी बदलून), दुपारी तिथून सांक्ट गोआरची बोट घ्या आणि ट्रेननेच परत. प्रवाहाबरोबर जाता म्हणून पाऊण तासाच्या आसपास लागतो, उलट दिशेने बोट फार रेंगाळते. वाटेत नदीच्या मधोमध काउबचा जकातीचा किल्ला दिसतो, येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींकडून टोल वसूल करायला बांधलेला! लोरेलायचा कडा उजव्या हाताला, आधीच त्या बाजूची खुर्ची पकडा. लेकीचं डॉइचलांड-टिकिट (लोकल-रीजनल गाड्यांचा महिन्याचा पास) बोटीत चालत नाही, वेगळं काढावं लागतं.

प्रतिसाद २:
खाण्याचं, फ्लामकूखन (पातळ पिझ्झासारखा प्रकार) दिसलं की लगेच ऑर्डर करू नका, नेहमीच्या फ्लामकूखनवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, परतलेल्या बटाट्यातही घालतात आणि कांद्यासारखे दिसतात म्हणून फसायला होतं. केझश्पेट्सलं (चीज घातलेल्या शेवया समजा) किंवा बटाट्याची थालीपिठं सफरचंदाच्या गराबरोबर मिळतात, पण दोन्हीत अंडं असतं, ते तुमच्या पॉलिसीत बसतंय बहुतेक. तरी दशम्या-चटणी बरोबर ठेवाच, दुपारी जेवणाची वेळ टळली की बरीच किचनं संध्याकाळपर्यंत बंद असतात.

धागाकर्ती:
खूप आभार! दशम्या नक्की. नवऱ्याला रुळांचं सांगितलं तर म्हणतो मग तर किल्लाच बरा, वर आवाज कमी. आता खालून वर टॅक्सी मिळते का, कोणाला माहितीय?