दंडाची पावती आणि विम्याचा हप्ता

वाहतुकीचा नियम मोडल्यावर ‘दंड भरला की विषय मिटला’ असं म्हटलं जातं, पण ते अर्धंच बरोबर आहे. दंड मिटतो, नोंद राहते. ती कोण वाचतं, हे मात्र देशागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये ३ वर्षांत १२ दंडगुण (नियम मोडल्याबद्दल लायसनवर नोंदले जाणारे गुण) साचले की लायसन निलंबित होऊ शकतं, शिवाय विमा कंपन्या साधारण मागच्या ५ वर्षांतले गुन्हे विचारतात. तिथे लपवाछपवी केली तर ऐन अपघाताच्या वेळी क्लेम अडकतो. जर्मनीत ८ गुणांवर लायसन जातं, पण हप्त्यावर जास्त वजन असतं ते क्लेमविना गेलेल्या वर्षांचं. त्यामुळे बंपरला नुसतं खरचटलं असेल, तर दुरुस्तीचा खर्च आणि क्लेम केल्यास हप्त्यातली बुडणारी सवलत आधी शेजारी शेजारी मांडून बघा.