मदत हवी आहे: शिकवणं सोडून शाळा-अंगणवाडी तपासणीकडे वळावं का?

नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यात शिक्षण विस्तार अधिकारी किंवा अंगणवाडीची मुख्यसेविका, या दोन पदांचा विचार करतेय. शाळेचं बरंचसं कायद्यातच स्पष्ट आहे: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस, ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस, १००० तास.

अंगणवाडीत खरी मेख मापात असते. काटा शून्यावर न आणता किंवा स्वेटरसकट वजन घेतलं, की कुपोषित मूल नोंदीत साधारण दिसतं आणि त्याची दखलच घेतली जात नाही. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून घ्यायची, त्यापुढे उंची उभं करून. गल्लत झाली तर सुमारे ०.७ सेंटीमीटरचा फरक पडतो.

आता प्रश्न. एका भेटीत किती मुलांचं वजन पुन्हा घेता? गगनबावडा, शाहूवाडीकडच्या भेटी भर पावसात कशा लावता? आणि सगळ्यात महत्त्वाचं: शेरा कसा लिहावा, की सेविकाताईंना धाक न वाटता चूक दुरुस्त होईल? या कामातल्या सर-मॅडमनी प्रत्यक्ष लिहिलेल्या शेऱ्याचा एखादा नमुना, नावं वगळून, दिला तर फार उपयोग होईल.