फेरतपासणीचा अहवाल येण्यापूर्वी नागरिकांना सूचना द्यावी का?

प्रश्न – जलसेवक
पाण्याच्या नमुन्यात ई. कोलाय (पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण मानले जाणारे जिवाणू) आढळले असेल, पण फेरतपासणीचा निष्कर्ष यायचा असेल, तर सूचना लगेच काढावी की थांबावे? घाईने घबराट पसरते आणि सूचना नंतर मागे घ्यावी लागली तर विश्वास उडतो, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो.

उत्तर – सूक्ष्मदर्शी
थांबू नये. या तपासणीला साधारण 18 ते 24 तास लागतात, त्यामुळे पहिला अहवाल हाती येतो तेव्हा ते पाणी बहुधा लोकांच्या पोटात गेलेले असते. कॅनडातील वॉकर्टन येथे मे 2000 मध्ये नमुने दूषित निघालेले असतानाही पाणीपुरवठा चालवणारे आरोग्य अधिकाऱ्यांना पाणी ठीक असल्याचे सांगत राहिले. अखेर अधिकाऱ्यांनीच 21 मे रोजी पाणी उकळण्याची सूचना दिली, पण तीही अनेकांच्या कानी वेळेत पडली नाही. 7 जण दगावले आणि दोन हजारांहून अधिक आजारी पडले. अमेरिकेत तर अशा तातडीच्या धोक्याची सूचना 24 तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. राहिला विश्वासाचा प्रश्न. ‘फेरतपासणी चालू आहे, तोपर्यंत खबरदारी म्हणून’ असे आधीच लिहिले असेल, तर सूचना मागे घेण्यात कमीपणा कसला?

उत्तर – रसायनी
सहमत आहे, मात्र ‘उकळून प्या’ हा सरसकट सल्ला नव्हे. जंतू मरतात, नायट्रेट किंवा आर्सेनिक तसेच राहते आणि पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते. 2014 मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहराच्या पाण्यात शेवाळजन्य विष आढळले, तेव्हा पाणी उकळू नका असेच मुद्दाम सांगावे लागले होते.

जलसेवक
आभारी आहे. ‘नागरिकांनी पाणी वापरताना योग्य ती खबरदारी घ्यावी’ एवढा मजकूर पुरेसा होईल का?

सूक्ष्मदर्शी
नाही, कारण योग्य खबरदारी कोणती हेच तर लोकांना हवे असते. पाणी खळखळून उकळल्यावर किमान 1 मिनिट उकळत ठेवावे. पिणे, दात घासणे, बर्फ करणे आणि बाळाचे दूध कालवणे यांसाठी तेच वापरावे. सूचना कोणत्या भागाला लागू आहे आणि पुढची माहिती किती वाजता मिळेल, हे सारे पहिल्या चार ओळींत यावे. वाचता न येणाऱ्यांचाही विचार करा. बांगलादेशात आर्सेनिकयुक्त हातपंप लाल आणि सुरक्षित पंप हिरवे रंगवले गेले, ते याचसाठी.