मदत हवी आहे: देवराईच्या मातीत तांबं साठलंय का, कसं तपासावं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव दोडामार्ग तालुक्यात. गावची राई लहानशी पण पाणथळ, रानजायफळाची मुळं चिखलातून गुडघे वर काढून असतात तशातली. याच तालुक्यातल्या बांबर्ड्याच्या राईला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाल्यापासून आपलाही प्रस्ताव पाठवू या, असं आमच्या जैवविविधता समितीत चाललंय. त्यानिमित्ताने राईत फिरलो आणि एका जागी थबकलो.

राईच्या वरच्या अंगाला माझ्या सख्ख्या काकांची पोफळीची बाग. कोळेरोगासाठी (सुपारी कुजवणारा बुरशीचा रोग) दर पावसाळ्यात दोन-तीनदा बोर्डो मिश्रण फवारतात: १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (तांब्याचं मीठच ते), एक किलो चुना. बाग उतरती, त्यामुळे बॅरल मांडायची सपाट जागा राईच्या कडेला, व्हाळाजवळ (ओढ्याजवळ). मी शाळेत होतो तेव्हापासून तिथेच. उरलेलं मिश्रण आणि बॅरल धुतलेलं पाणीही तिथेच ओततात. तिथल्या जांभ्यावर निळसर-हिरवा थर बसलाय, नखाने खरवडला की पापुद्रा निघतो. त्याच्या खाली दहा-बारा पावलं पातेरा कुजलेलाच नाही, जुनी पानं थरावर थर. काठीने उकरलं तर एक गांडूळ दिसेना. व्हाळाच्या पलीकडे भरपूर आहेत.

आमच्या राईतून वाळकी काटकीही बाहेर न्यायची नाही. काकासुद्धा हे कसोशीने पाळतात. आत काय ओतू नये, हे मात्र कुणी ठरवलेलं नाही.

मातीपरीक्षण केलं. सामू (पीएच) ५.४, तांब्यापुढे ‘पुरेसे’. पुरेसे म्हणजे पिकाला कमी नाही एवढंच ना? जास्त झालं तर पत्रिकेत कुठे कळणार? शिवाय नमुना घेताना नेहमीप्रमाणे पातेरा बाजूला सारला आणि १५ सेंमी खोल खड्ड्यातली माती घेतली. तांबं सेंद्रिय थराला धरून वरच राहतं म्हणे. मग मी नेमकं तेच फेकून दिलं का?

नमुना कसा घ्यावा? आणि तिथे चुना टाकला तर तांबं बांधलं जाईल, पण रानजायफळाला तो सोसेल का?

काकांशी भांडण नकोय. विषय काढला तर म्हणाले, “आज्यापासून मारतंव, काय झाला?”

प्रतिसाद:
पत्रिकेत येतं ते पिकाला मिळू शकणारं तांबं. डीटीपीए नावाच्या रसायनाच्या द्रावणाने ते मातीतून काढतात आणि किलोला ०.२ मिग्रॅच्या वर गेलं की ‘पुरेसे’ लिहून मोकळे. तुम्ही प्रयोगशाळेला एकूण तांबं मागा, माती आम्लात विरघळवून. पातेरा, वरचे ५ सेंमी आणि ५ ते १५ सेंमी अशा तीन पिशव्या करा. तशाच तीन पलीकडच्या काठावरून घ्या, कारण तिथल्या खडकातच तांबं जास्त असेल तर नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही. खुरपं लोखंडाचं नको, पितळेचं तर नकोच. लाकडी पट्टी बरी.

आकडे येईपर्यंत चुना टाकू नका, थरही खरवडू नका, तो धुपून व्हाळात जाईल. तांबं तणनाशकासारखं विघटत नाही, पडतं तिथे साठतं. तेव्हा बॅरल या पावसाळ्याआधीच हलवा. काकांना राईचं काही सांगू नका, मोरचुदाचा भाव सांगा आणि दर फवारणीला किती बादल्या उरतात ते मोजायला लावा.