नळ आला की 'शिळं' पाणी ओतायचंच का?

विजापूरवेशीची सून:
आमच्याकडं नळ तीन दिवसांआड. नळाला धार लागली की सासूबाई हंडे, घागरी, पिंपाच्या तळाचं, सगळं मोरीत ओततात. "शिळं पाणी घरात ठेवू नये." चार दिवस तांब्या-तांब्यानं जपायचं आणि मग भडाभडा सोडायचं! मी बोलले तर दीर म्हणतो, "वहिनी, तुमच्या दोन बादल्यांनी उजनी धरण भरणारे का? तिकडं ऊस पितोय की सगळं." खोटं नाही ओ ते. पण आता माझी लेक पेल्यातलं उरलेलं 'शिळं' म्हणून ओतायला लागलीय. उद्या तिच्या घरीपण हेच. भांडण न होता काय करता येईल?

जुळे सोलापूर:
ताई, सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून तर आठवड्याला एक कोरडा दिवस, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून वाळवायचा दिवस, पाळायला सांगतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं ओतून जात नाहीत, घासावंच लागतं. तेव्हा भांडी रिकामी करू देत, मोरी तेवढी चुकवा. नळाच्या आदल्या रात्री कपडे भिजवा, संडासाची बादली भरा, उरलेलं झाडांना. ओतायला फार काही राहणारच नाही.

भवानी पेठ:
दिरांचा हिशेब बरोबर, पण अर्धा. उजनीत ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांखालचं तळाचं पाणी. बादलीनं ते हलणार नाही. मात्र ते पाणी १०० किलोमीटरवरून पंपानं येतं, म्हणजे तुमच्या मोरीत वीजही जाते. आता छताकडं बघा. आपल्याकडं वर्षाला साधारण ५५० मिमी पाऊस. १,००० चौरस फूट गच्चीवर ५०,००० लिटर पडतं, उडालं-सांडलं धरून ४०,००० तरी हाती येईल. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतूनच मुरतं, त्यामुळं ते आपोआप जिरेल म्हणून बसू नका, बोअरजवळ शोषखड्डा घ्या. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात माणसं जमवून तळं खणलं असं सांगतात. त्यात एकेकाची पाटी केवढी होती? गड्ड्याच्या जत्रेला आपण अजून त्याच्याच काठानं हिंडतो की.

विजापूरवेशीची सून:
डासाचं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते?" असो, त्या खूष. कढीपत्त्याला पाणी घालायचं काम लेकीकडं दिलंय. घालते कमी, भिजते जास्त. दीर प्लंबिंगचंच काम करतो, आता गच्चीचा पाईप त्याच्याच गळ्यात. तो विचारतोय, खड्ड्यात वाळू वर की खाली?

भवानी पेठ:
तळाला मोठे दगड, मग खडी, वाळू सगळ्यात वर. दरवर्षी मृगाआधी वरची वाळू काढून धुवायची. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला वेगळा कॉक बसवा, गच्चीवरची घाण त्यातच येते.