मदत हवी आहे: लढाईसाठी बांधलेले किल्ले सुचवा

नमस्कार मंडळी,

देशोदेशीच्या बघण्यासारख्या किल्ल्यांची यादी करतोय, पण कुठेही शोधलं की आधी जर्मनीतला नॉयश्वानस्टाइन पुढे येतो. देखणा आहेच, पण बांधकाम सुरू झालं १८६९ साली, म्हणजे हौसेचा राजवाडा. मला बचाव कसा करत असतील हे प्रत्यक्ष उभं राहून कळेल अशा जागा हव्यात.

उदाहरणार्थ, वेल्समधला ब्यूमॅरिस. १२९५ साली काम सुरू झालं, पुढे पैसे आटले आणि अर्धवटच राहिला. तरी तटाच्या आत तट म्हणजे काय, ते तिथे लख्ख कळतं: बाहेरचा तट ओलांडून आलेला शत्रू थेट आतल्या उंच तटाच्या माऱ्यात. किंवा जपानचा हिमेजी. वाट मुद्दाम फिरवत नेलेली, आणि भिंतीतल्या गोल, तिकोनी, चौकोनी जंग्या (आतून मारा करायची भोकं) येणाऱ्यावर रोखलेल्या.

माझं घोडं अडलंय ते तोफांच्या काळातल्या, ताऱ्याच्या आकाराच्या किल्ल्यांपाशी. वरून काढलेल्या फोटोत झकास दिसतात, पण जमिनीवरून नुसते गवताचे उतार दिसतील अशी धास्ती आहे. इटलीतलं पाल्मानोव्हा, नेदरलँड्समधलं बोर्टांग आणि फ्रान्समधलं, वोबाँ या फ्रेंच लष्करी अभियंत्यानं आखलेलं नफ-ब्रिसाक यांपैकी कुठे तटावरून फिरत, खंदकात उतरत रचना नीट समजते? एकच निवडायचं तर कोणतं?

आणि फ्रान्समधल्या कार्कासोन या तटबंदीच्या गावाला गेलेल्यांनी हेही सांगा: तिथे १९व्या शतकातल्या डागडुजीतून मूळ बांधकाम वेगळं ओळखू येतं का, की वाटाड्या घ्यावाच लागतो?