ईव्ही मोटरचं बेअरिंग हिशोबात ठणठणीत, गाडीत मात्र आवाज करतंय. नेमकं काय तपासू?

ऐरोलीची_मेकॅनिकल
नमस्कार. एम.टेक.चा प्रोजेक्ट करतेय: इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांच्या पॉवरट्रेनमधली बेअरिंग. ६२०८ (४० मिमी शाफ्टचं बॉल बेअरिंग) घेतलंय, १६,००० आरपीएमपर्यंत. रिगवर, म्हणजे चाचणीच्या यंत्रावर, लोड, वेग आणि तापमान बदलता येतं, स्पिंडल बेल्टवर फिरतो. आयएसओ २८१ ने (बेअरिंगचं आयुष्य काढायचं प्रमाणित सूत्र) आयुष्य काढलं तर गाडी भंगारात गेली तरी बेअरिंग शाबूत राहील असं उत्तर येतं. पण आमच्या सोसायटीतल्या एका टॅक्सीवाल्या काकांच्या ईव्हीची मोटर घूं घूं करायला लागली आणि बेअरिंग बदलावं लागलं. जुनं मी मागून घेतलंय, अजून उघडलेलं नाही. ग्रीसचा दोष असेल का?

रबाळे_वाइंडर
ताई, आधी एक विनंती. ते बेअरिंग घाईत कापू नका. बाहेरच्या रेसवर (बॉल ज्यावर धावतात त्या कड्यावर) मार्करने खूण करा, वरची बाजू कुठली होती ते फिटरला विचारून घ्या. शील्ड (बाजूचं पातळ झाकण) काढून ग्रीस चमचाभर डबीत भरून ठेवा, मगच ग्राइंडर लावा. नाहीतर चाकाची धूळ ग्रीसमध्ये जाते आणि लॅबवाला म्हणतो बाहेरची घाण आहे.

आता रेस आडव्या उजेडात धरून भिंगाने बघा. बॉल फिरतो त्या पट्ट्यावर, फिरण्याच्या दिशेला आडव्या, एकसारख्या अंतरावर, पन्हाळी पत्र्यासारख्या रेघा दिसल्या तर ते ग्रीसचं एकट्याचं काम नाही. बेअरिंगमधून करंट गेलाय. बॉलही बघा, चकाकी जाऊन राखाडी पडलेले असतात. ग्रीस काळं होतं.

मी मोटर रिवाइंडिंग करतो. ठाणे-बेलापूर रोडच्या कारखान्यांतल्या पंप-ब्लोअरच्या मोटरी येतात आमच्याकडे. मोटर थेट लाइनवर होती तोवर ह्या रेघा क्वचित दिसायच्या, ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) बसले तिथून दिसायला लागल्या. ईव्हीचा इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची डीसी मोटरसाठी एसी करणारा डबा, तोच प्रकार, फक्त बॅटरीवर आणि कितीतरी वेगाने स्विच होणारा. तीन फेजची बेरीज कुठल्याच क्षणी शून्य होत नाही. जे उरतं ते वाइंडिंगमधून रोटरवर चढतं, शाफ्टला व्होल्टेज येतं. बॉल आणि रेसमध्ये मायक्रॉनभरही जाड नसलेली ग्रीसची फिल्म असते. ती तेवढं सहन करते, मग फुटते, ठिणगी पडते, पोलादाचा कण वितळतो. हे सेकंदाला हजारो वेळा होऊ शकतं.

म्हणून तुमच्या हिशोबात ते दिसणार नाही. त्या सूत्रात लोड आहे, वंगण आहे, घाण आहे. करंट कुठेच नाही. आणि बेल्टवर फिरणाऱ्या रिगला इन्व्हर्टरच नाही, तर रेघा येतील कुठून?

वागळे_टेस्टिंग
वरच्या दादांचं म्हणणं बरोबर आहे. दोन गोष्टींची भर. शाफ्टचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजू नका, काही कळणार नाही. शाफ्टवर ब्रश टेकवून ऑसिलोस्कोपवर बघा: व्होल्टेज चढतं आणि एकदम शून्यावर कोसळतं, तो कोसळणारा क्षण महत्त्वाचा. कमी वेगात धातूला धातू लागतो, बेअरिंग साध्या तारेसारखं करंट नेतं. वेग वाढला की फिल्म तयार होते आणि तेच बेअरिंग कपॅसिटर होतं, म्हणजे चार्ज साठवून ठेवतं. तापमान वाढलं की फिल्म पातळ होऊन आधीच फुटते. तापमानाचे प्रयोग करताय ना, त्याला हा धागा जोडा.

दुसरं, हायब्रिडचं. इंजिन चालू आणि मोटर थांबलेली असताना कंपनाने बॉल जागच्या जागी थरथरतो. तिथेही खुणा पडतात, पण बॉलच्या अंतराने, मोजक्या. करंटच्या रेघा दाट असतात. हा फरक रिपोर्टमध्ये फोटोसकट द्या.

ऐरोलीची_मेकॅनिकल
दोघांचेही मनापासून आभार! मग सिरॅमिक बॉलचं बेअरिंग लावलं की प्रश्न मिटला ना?

रबाळे_वाइंडर
त्या बेअरिंगचा मिटला. सिलिकॉन नायट्राइड वीज नेत नाही, शिवाय पोलादाच्या जेमतेम ४० टक्के वजनाचं, त्यामुळे १६,००० आरपीएमला बॉल बाहेरच्या रेसला कमी रेटतो. तुमच्या वेगात हा फायदा मोठा. पण शाफ्टवरचं व्होल्टेज कुठे गेलं? मोटरच्या दोन्ही बेअरिंगमधून करंटची वाट बंद केलीत की ते शाफ्टवरून पुढे गिअरबॉक्सच्या बेअरिंगांत आणि दात्यांत वाट काढतं. म्हणून सोबत ग्राउंडिंग रिंग देतात, कार्बन फायबरची, शाफ्टला घासून करंट थेट बॉडीला नेणारी. सिरॅमिक एकटं, रिंग एकटी आणि दोन्ही मिळून, अशा तीन चाचण्या घ्या आणि प्रत्येक वेळी पुढच्या गिअरबॉक्सचं बेअरिंगही उघडून बघा. तुमच्या प्रोजेक्टचा जीव तिथे आहे.

रिग बदलायला खर्च येईल म्हणून थांबू नका. लहान थ्री-फेज मोटर ड्राइव्हवर लावून आधी तिच्याच बेअरिंगवर रेघा आणून दाखवा, गाइडना पटेल. आमच्याकडे कापलेल्या रेस आहेत, हव्या तर मेसेज करा, देतो.